सांगड: तरंगणं, ऊब आणि कोरडेपणा एकाच सूटमध्ये कसे आले?

मागच्या डिसेंबरात शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. आम्ही दोघंही सडक अर्जुनीचे. तो आता नोकरीसाठी अमेरिकेत, मिनेसोटात असतो. तिथे थंडीत तळी अशी गोठतात की लोक बर्फावर चालत जातात, गोल भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून मासे धरतात. ऑफिसातली मंडळी यालाही नेणार होती.

"अबे, ते म्हणतात आधी फ्लोट सूट घे. इथं दुकानात दहा प्रकारचे आहेत. तू फोमवरच पीएचडी करून राहिला ना? सांग मग, कोणता घेऊ?"

माझं काम पॉलिमर फोमवर आहे हे खरं, पण प्रयोगशाळेत आम्ही बोटाएवढे तुकडे दाबून बघतो. त्यांचे कपडे होतात याचा मी फारसा विचार केला नव्हता. उत्तर देण्यासाठी वाचायला बसलो आणि लक्षात आलं की त्याच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. सूटने माणसाला तरंगत ठेवायचं, ऊब द्यायची आणि पाणी बाहेर ठेवायचं. तिन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे. त्यातला थंडीचा प्रश्न माणसाला सगळ्यात उशिरा कळला, आणि तो कळेपर्यंत बरीच माणसं गेली.

तरंगणं: कोंडलेली हवा

आधी थोडं शाळेतलं विज्ञान. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार आपण जितकं पाणी बाजूला सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा आधार आपल्याला मिळतो. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळची असते, त्यामुळे सत्तर किलोचा माणूस पाण्यात जेमतेम काही किलोचाच उरतो. तोंड पाण्यावर राहायला साधारण पाच किलोचा जादा आधार पुरतो. म्हणजे ५० न्यूटन, म्हणजेच जवळपास पाच लिटर हवा. प्रश्न एवढाच की ही पाच लिटर हवा अंगाला बांधायची कशी?

जुनी उत्तरं सोपी होती. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या अ‍ॅसिरियाच्या शिल्पपटांवर फुगवलेल्या कातड्याच्या पिशव्या छातीशी धरून नदी ओलांडणारी माणसं कोरलेली आहेत. आपल्याकडे वाळलेला दुध्या भोपळा, म्हणजे तुंबा, हेच काम करायचा. तुंबे किंवा लाकडं एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला मराठीत सांगड म्हणतात. आज आपण 'सांगड घालणे' म्हणतो तेव्हा पाणी आठवतही नाही, पण या शब्दाचा एक अर्थ पाण्यातलाच आहे.

आजही विदर्भातल्या तलावांवर ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून, तिच्यावर बसून जाळं टाकणारे दिसतात. कातडं, तुंबा आणि ट्यूब यांची अडचण मात्र एकच आहे. सगळी हवा एका कप्प्यात असते. बाभळीचा एक काटा घुसला की सगळाच आधार गेला.

यावरचा उपाय झाडाच्या सालीत होता. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यातल्या चिमुकल्या बंद खोल्यांना 'सेल' हे नाव दिलं. जीवशास्त्रात आपण हा प्रसंग पेशीचा शोध म्हणून शिकतो. मला तो फोमचाही पहिला अभ्यास वाटतो. एक कप्पा फुटला तरी बाकीचे हजारो शाबूत राहतात, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

इंग्लंडच्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेतले निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाच्या पट्ट्या शिवलेलं जाकीट तयार केलं. लोकांना ते अवजड वाटायचं. मग ९ फेब्रुवारी १८६१ ला व्हिटबी बंदरात वादळात नौका उलटली. तेरा खलाशांपैकी बारा बुडाले. वाचलेल्या एकट्या हेन्री फ्रीमनच्या अंगात बुचाचं नवं जाकीट होतं. त्यानंतर जाकीट कशाला, असं विचारणं अवघड झालं.

१९०४ पासून त्याच संस्थेने बुचाऐवजी कापोक वापरायला सुरुवात केली. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. आपल्या जंगलात फाल्गुनात लाल फुलांनी पेटणारी काटेसावर तिची जवळची नातेवाईक. उन्हाळ्यात बोंडं फुटून तो रेशमी कापूस उडतो तेव्हा आम्ही त्याच्यामागे धावायचो. याचा तंतू आतून पोकळ असतो आणि त्यावर मेणाचा थर असतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या ताब्यात गेलं आणि कापोक मिळेनासा झाला. तेव्हा अमेरिकेत शाळेच्या पोरांना मिल्कवीडची बोंडं गोळा करायला लावलं. ही आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती. तिच्या म्हातारीच्या पिंजलेल्या केसांवर सैनिक तरंगले.

महायुद्धानंतर बंद कप्प्यांचा कृत्रिम फोम आला आणि हा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

थंडी: उशिरा दिसलेला शत्रू

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली. बहुतेक प्रवाशांच्या अंगात बुचाची जाकिटं होती आणि समुद्र शांत होता. पुष्कळ माणसं बुडाली नाहीत. तोंड पाण्याबाहेर असतानाच ती गेली. पाणी शून्याच्या खाली होतं. तरी त्यानंतर अनेक दशकं समुद्रातल्या अशा मृत्यूंची नोंद 'बुडून' अशीच व्हायची. एकदा कारण चुकीचं लिहिलं की उपायही चुकतो.

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. हे पुस्तकात होतं, पण शरीराचं काय होतं हे कोणी नीट मोजलं नव्हतं. मोजायची वेळ आली ती महायुद्धात, आणि तिथे विज्ञानाची दोन रूपं शेजारी शेजारी दिसतात. ब्रिटनमध्ये एडगर पास्क या भूलतज्ज्ञाने स्वतःलाच भूल द्यायला लावून बेशुद्धावस्थेत तलावात सोडून घेतलं. शुद्ध हरपलेल्या वैमानिकाचं तोंड कोणतं जाकीट पाण्याबाहेर ठेवतं, हे त्याला बघायचं होतं. त्याच काळात जर्मनीत दाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टर कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवत होते. अनेक कैदी त्यात मेले. दोन्हीकडे प्रश्न सारखाच दिसतो. शरीर कोणाचं आणि संमती कोणाची, यात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'डेटा' हा शब्द सहज वापरणाऱ्या माझ्यासारख्याने हे विसरू नये.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा धडा दिला तो 'लाकोनिया' या ग्रीक जहाजाने. डिसेंबर १९६३ मध्ये मदेइरा बेटाजवळ त्याला आग लागली आणि १२८ माणसं गेली. पुष्कळांच्या अंगात लाइफजॅकेट होतं. पाणी बर्फाळ नव्हतं, १८ अंशांच्या आसपास होतं. आपण ज्याला गार म्हणू, पण पैज लागली तर उडी मारू, असं. विल्यम कीटिंग या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने या मृत्यूंचा अभ्यास केला आणि दाखवलं की बहुतेक माणसं बुडून नाही, थंडीने गेली. थंड पाणी म्हणजे ध्रुवाजवळचं पाणी, ही समजूत तिथे मोडली.

पुढे कॅनडाच्या गॉर्डन गिसब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यासाठी लक्षात ठेवायला सोपा हिशेब दिला: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास सावरायचं. अंगाला गार पाणी लागताच धाप लागते आणि तोंड पाण्याखाली असेल तर तीच धाप जीव घेते. पुढची दहा मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे खरी घाई पहिल्या अकरा मिनिटांची असते.

कोरडेपणा: घाम विसरू नका

कोरडं राहण्यासाठी आपल्याकडे रोवणीला इरलं होतं आणि घोंगडी होती. घोंगडी भिजली तरी थोडी ऊब धरून ठेवते. युरोपात १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबर घातलं, पुढे गुडइयरच्या व्हल्कनायझेशनमुळे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होईनासं झालं.

मग आला पॉल बॉयटन. मे १८७५ मध्ये हा अमेरिकन गडी, मेरिमन नावाच्या संशोधकाने केलेला रबरी सूट घालून, पाठीवर तरंगत, वल्हं मारत इंग्लिश खाडी पार करून गेला. सूटमध्ये तोंडाने फुगवायचे हवेचे कप्पे होते. तरंगणं, ऊब आणि कोरडेपणा या तिघांची सांगड घालणारा हा सुरुवातीचा गाजलेला पोशाख. लोकांनी त्याच्याकडे तमाशा म्हणून पाहिलं. मोठ्या जहाजांवर असे पोशाख ठेवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम यायला १९८० चं दशक उजाडलं. मधे शंभर वर्षं गेली!

दुसरी मजेशीर गोष्ट अशी की ऊब हवी म्हणून कोरडंच राहायला हवं असं नाही. १९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने निओप्रीन फोमचा वेटसूट केला. त्यात पाणी आत शिरतं, पण ऊब देतात ते फोममधले वायूचे बुडबुडे. म्हणजे तरंगवणारी आणि उबवणारी वस्तू एकच आहे: कोंडलेली हवा. फ्लोट सूट याच तत्त्वावर चालतो.

मग मित्राला काय सांगितलं?

पहिलं, लेबलवर न्यूटनचा आकडा बघ. ५० न्यूटनचा सूट शुद्धीत असलेल्या माणसाला मदत करतो, पण बेशुद्ध माणसाला उताणा करेलच अशी खात्री देत नाही. दुसरं, फोम फक्त जाकिटात आहे की पँटमध्येही, ते विचार. जाकीट आणि पँट वेगळी असेल तर दोन्ही घाल. गरम होतं म्हणून जाकीट काढून बाजूला ठेवलं तर पैसे पाण्यात, आणि त्यामागून तूही. तिसरं, मापाचा घे. ढगळ सूटमध्ये पाणी भरतं आणि आतलं गरम पाणी सारखं बदलत राहतं. वाकून, बसून, हात वर करून बघ. चौथं, 'वॉटरप्रूफ' शब्दावर भाळू नकोस. शिवणीवर आतून पट्टी चिकटवली आहे का बघ, कारण पाणी तिथूनच शिरतं. बर्फात भोक पाडताना घाम येईल तो बाहेर जायला जागा हवी, म्हणून आत सुती बनियन नको, लोकरीचं घाल. पाचवं, गळ्यात बर्फ रुतवायचे टोचे अडकव. पडलास तर ज्या बाजूने आलास त्याच बाजूला वळ, टोचे रुतव, पाय मागे मारत आडवा वर सरक आणि बाहेर आल्यावर उभा न राहता लोळत दूर हो. आणि शेवटचं, तिथलं सरकारी खातं चालण्यासाठी किमान चार इंच जाड, स्वच्छ बर्फ हवा म्हणतं. सूट घातल्याने बर्फ जाड होत नाही.

तो म्हणाला, "एवढं तर दुकानदारानं पण नाही सांगितलं बे."

आणि आपली बोडी?

फोन ठेवल्यावर वेगळंच डोक्यात राहिलं. आपला भाग तलावांचा. नवेगावबांधसारखे कोहळ्यांनी बांधलेले मोठे तलाव, मालगुजारी गेल्यावर 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव झालेले शेकडो लहानमोठे बांध आणि गावागावातल्या बोड्या. या पाण्यावर ढिवर समाज पिढ्यानपिढ्या जगला. मासे आणि शिंगाडे काढणं ही त्यांची कामं, आणि शिंगाड्याचा हंगाम नेमका थंडीच्या तोंडावर येतो. गोंदियाचा पारा हिवाळ्यात दहाच्या खाली उतरतो. आपण शेकोटीजवळ बसतो तेव्हा कोणी तरी छातीभर पाण्यात उभा असतो किंवा ट्यूबवर बसून जाळं ओढत असतो, अंगात साधा शर्ट आणि वर मफलर.

आपल्याकडे बर्फ होत नाही, म्हणून थंड पाण्याचा धोका आपल्याला लागू नाही असं वाटतं. लाकोनियाचं पाणीही बर्फाचं नव्हतं. आणि आपल्याकडे कोणी तलावात गेला की "त्याला तर चांगलं पोहता येत होतं, कसा बुडाला?" असं म्हणून विषय संपतो. धाप लागली होती का, बोटं आखडली होती का, हे कोणी विचारत नाही. जो चुकीचा शब्द समुद्रावरच्या नोंदींत होता, तोच आपण बोडीच्या काठावर वापरतो.

ढिवरांना मिनेसोटाचा सूट नको आहे. आपल्या हवेत तो दुपारी उकडून मारेल. पण तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या करता येतात. फोमचं साधं, बिनबाह्यांचं जाकीट, ज्यात हात मोकळे राहतात आणि काट्याने काही बिघडत नाही. पाण्यात एकट्याने न जाणं. काठावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले कोरडे कपडे आणि एक घोंगडी. मच्छिमार सोसायटीने जाळ्यांच्या खरेदीबरोबर अशी चार-पाच जाकिटं घेतली तर आळीपाळीने वापरता येतील.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा प्रयोगशाळेत उरलेला फोमचा एक तुकडा घेऊन गेलो आणि ओळखीच्या एका ढिवर काकांना दाखवला. त्यांनी तो दाबला, नखाने टोचला, बादलीत बुडवून सोडला. टुणकन वर आला.

"भोक पाडलं तरी बुडत नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

त्यांनी दाराशी टेकवलेल्या ट्यूबकडे पाहिलं. तिच्यावर सहा ठिगळं होती. मग म्हणाले, "केवढ्याला येते हे?"

ती किंमत मी अजून काढतो आहे. माझ्या प्रबंधात या प्रश्नासाठी प्रकरण नाही, पण आतापर्यंत माझ्या विषयावर कोणी विचारलेला सगळ्यात नेमका प्रश्न हाच.