अवसान का गळते?

१९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १४ जुलैला मॅरेथॉन झाली. तीत फ्रान्सिस्कु लाझारु हा पोर्तुगालचा धावपटू तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्पर्धेत पडून गेलेला तो पहिला खेळाडू. पोर्तुगाल त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकला गेला होता आणि संचलनात ध्वज लाझारुच्याच हाती होता. आपली पणजी तेव्हा ‘नोव्हा गोवा’ म्हणून त्याच ध्वजाखाली नांदत होती, त्यामुळे ही कथा आपल्याला अगदीच परकी नाही.

लाझारु व्यवसायाने सुतार होता. मायदेशातल्या मॅरेथॉन त्याने जिंकल्या होत्या, म्हणजे सराव कमी पडला असे म्हणायला जागा नाही. त्या दिवशी पारा तीस अंशांच्या वर होता. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला मेणचट लेप चोपडला होता, असे सांगतात. घामाचे काम त्याच्या वाळण्यात असते. तो वाळतो तेव्हाच अंगातली उष्णता घेऊन जातो. लेपाखाली तो वाळणार कसा?

मराठीत आपण म्हणतो, ‘त्याचे अवसान गळाले.’ अवसान म्हणजे अंगातले बळ आणि अवसान म्हणजे धीरही. भाषेने दोन्ही एकाच शब्दात बांधल्यामुळे चालता-धावता एखादा मटकन बसला की आपण नकळत त्याच्या धैर्यावर बोट ठेवतो. त्या काळी युरोप-अमेरिकेतही निराळे नव्हते. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये धुळीने भरलेल्या रस्त्यावर, रणरणत्या उन्हात धावपटूंना पाण्याची सोय जेमतेम ठेवली होती. विजेता थॉमस हिक्स पाणी मागत होता. त्याला मिळाले अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि चक्क स्ट्रिक्निन हे विष. १९०८मध्ये लंडनला इटलीचा दोरांदो पिएत्री मैदानात पहिला शिरला, पण उलट्या दिशेने वळला, पुनःपुन्हा पडला आणि अधिकाऱ्यांनी हात दिल्यामुळे बाद ठरला. लोकांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. त्याला नेमके झाले काय होते, हे मात्र पुढची काही वर्षे कोणी नीट तपासले नाही.

आता घाटावर येऊ. चोर्ला घाट चढून गेले की बेळगाव लागते. तिथले फडेप्पा दरेप्पा चौगुले हे ऑलिंपिक मॅरेथॉन पुरी करणारे पहिले भारतीय. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती भरल्या तेव्हा सर दोराबजी टाटा तिथे होते. शेतात राबणारी, साधे अन्न खाणारी, अनवाणी धावणारी पोरे त्यांनी पाहिली आणि आपली मुले जगात उतरू शकतील असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातूनच १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. मॅरेथॉनला चौगुले आणि सदाशिव दातार उभे राहिले. अंतर होते ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन. हवा थंड आणि पावसाळी होती, हे धावणाऱ्यांचे नशीब. दातारांना शर्यत सोडावी लागली. चौगुले सुमारे २ तास ५१ मिनिटांत एकोणिसावे आले. हिशेब केला तर किलोमीटरला जवळजवळ चार मिनिटे पडतात, आणि हा वेग त्यांनी तीन तासांच्या आसपास टिकवला. आज मिरामारच्या किनाऱ्यावर मनगटावर घड्याळ आणि खिशात जेल घेऊन धावणाऱ्यांपैकी कितींना हे साधेल? बेळगावच्या या माणसाला पाठ्यपुस्तकात दोन ओळी तरी मिळायला हव्या होत्या, असे आम्हाला वाटते.

कोसळण्याचा छडा लागला तो त्यानंतर चार वर्षांनी. १९२४मध्ये बोस्टन मॅरेथॉन संपताच डॉ. सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही धावपटूंचे रक्त तपासले. जे पांढरेफटक पडले होते, ज्यांना धड बोलता येत नव्हते, त्यांच्याच रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खायला आणि शर्यतीत साखरेच्या गोळ्या चघळायला सांगितले. साखर टिकली आणि माणसेही बऱ्या स्थितीत पोहोचली. प्रश्न धैर्याचा नव्हता, शिधा संपल्याचा होता.

हा शिधा म्हणजे ग्लायकोजेन. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम मिळून होतात साधारण २,००० कॅलरी. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनला २,५०० च्या आसपास लागतात. अंगात चरबी मुबलक असते, पण ती ओल्या लाकडासारखी सावकाश पेटते. म्हणून तीस-पस्तीस किलोमीटरवर पाय शिशाचे होतात. धावपटू याला ‘वॉल’ म्हणतात, सायकलवाले ‘बाँक’. १९६६मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलला दोन बाजूंनी बसून प्रत्येकाने एकच पाय दमवला आणि मग तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. सुईने स्नायूचा कण काढून पाहिला, तर दमवलेल्या पायात दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट ग्लायकोजेन साठले होते.

म्हणजे लांबच्या शर्यतीआधी दोन-तीन दिवस सराव कमी करून उकड्या तांदळाचा भात, पेज, बटाटा, केळी यांना ताटात जास्त जागा द्यावी. सुरुवात हळू करावी. पहिल्या पाच किलोमीटरची हौस शेवटच्या दहात व्याजासह फेडावी लागते. दीड तासाहून जास्त चालणाऱ्या श्रमात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जावी, आणि तीही पाय जड होण्याआधी. आमच्यापैकी काही जण बाप्पाच्या पंचखाद्याची पुडी नेतात. त्यातली खारीक आणि खडीसाखर कामाची. खोबरे मात्र घरी येऊन खाल्लेले बरे, धावताना ते पोटात बसते. गोव्यातून पायी पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांना यातले बरेचसे न शिकवता ठाऊक असते: पहाटे निघणे, ठरल्या जागी विसावा, तिथे काहीतरी खाणे.

पाण्याची गोष्ट वेगळी. एकेकाळी ते नाकारले, मग इतके पाजले की दुसरेच संकट आले. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम नेहमीच्या पातळीखाली उतरलेले आढळले, आणि मुख्य कारण होते अति पाणी पिणे. तहानेप्रमाणे प्यावे, घाम फार जात असेल तर खाण्यात थोडे मीठ असू द्यावे.

आपल्याकडची खरी अडचण दमटपणाची. ऑक्टोबरात पणजीत घाम वाहतो, वाळत नाही, जणू लाझारुचा लेप हवेनेच आपल्या अंगाला चोपडलेला असतो. थंड गावाहून आलेल्या पाहुण्याला या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर त्याने वेगाचा हट्ट धरू नये. आणि सोबतचा गळाठला तर आधी त्याच्याशी बोलून पाहावे. शुद्धीवर असेल, नीट बोलत-गिळत असेल तर सावलीत बसवून साखरपाणी द्यावे. पंधरा-वीस मिनिटांत तो बहुधा सावरतो. पण अंग तापले आहे आणि तो बरळतो आहे, धडपडतो आहे, तर तो उष्माघात समजावा. तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत बर्फ, बादल्या, नळ, जे मिळेल त्याने त्याला भिजवत, वारा घालत राहावे.