स्वीडिश वर्णक्रमातील मराठी

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला लेखनिकाचे दोष परिचयाचे असतात. ओळ गळते, ‘व’ आणि ‘ब’ यांची अदलाबदल होते, समासातील टीप संहितेत शिरते. महाजालावरील मराठी मजकुरालाही प्रारंभीच्या काळात असाच एक लेखनिक लाभला होता. तो मराठी जाणत नव्हता आणि त्याची वर्णमाला स्वीडनची होती.

या लेखनिकाचे घराणे १९९५ सालचे. रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी लिहिलेली साधने त्या जूनमध्ये पीएचपी या नावाने सर्वांना खुली केली. त्याच वर्षी एनसीएसएच्या जुन्या आज्ञावलीला ठिगळे जोडत अपॅची हा वेब सर्व्हर उभा राहिला. मायकेल विडेनियस, डेव्हिड अॅक्समार्क आणि अॅलन लार्सन यांचे मायएस्क्यूएल हे विदागार, म्हणजे डेटाबेस, स्वीडनमध्ये आकाराला आले तेही तेव्हाच. (त्यातील ‘माय’ ही मराठी माय नव्हे, ते विडेनियस यांच्या मुलीचे नाव.) १९९१ पासूनच्या लिनक्सवर ही तिन्ही बसवली की संकेतस्थळाची सिद्धता झाली. १९९८ मध्ये एका जर्मन नियतकालिकात मायकेल कुन्झे यांनी या चौकडीच्या आद्याक्षरांवरून तिला ‘लॅम्प’ म्हटले. चारही घटक बिनपैशात मिळत. तुटपुंज्या साधनांवर चालणारी असंख्य संकेतस्थळे त्यांच्या जोरावरच उभी राहिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु फुकट मिळालेली वस्तू तटस्थ असतेच असे नाही. सर्व्हर बसवणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही, तर मायएस्क्यूएल अक्षरे लॅटिन-१ ची समजे आणि त्यांचा क्रम स्वीडिश लावी. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान होते. मायएस्क्यूएलमध्ये युनिकोडची सोय ४.१ या आवृत्तीबरोबर २००४ मध्ये आली. गृहीत मात्र तेच राहिले, ते थेट २०१८ च्या ८.० पर्यंत. पीएचपीचे दुखणे वेगळे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली, तर ती पंधरा सांगे, कारण ती अक्षरे न मोजता बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. हे मुळातून बदलण्यासाठी आखलेली पीएचपी ६ ही आवृत्ती २०१० मध्ये सोडून देण्यात आली.

हे तीन बाइट लॅटिन-१ म्हणून वाचले, की एका चिन्हाची तीन होतात. पहिले नेहमी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’. दुसरे एक चलनचिन्ह. व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी यांच्या वाट्याला चलनाचे सर्वसाधारण चिन्ह येते, तर दुसऱ्या वेलांटीपासून पुढे, उकार, मात्रा आणि हलन्तासह, जपानी येन. शुद्धलेखनाच्या वादात हयात घालवलेल्यांनी नोंद घ्यावी: विद्रूप झालेल्या संहितेतही ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद शाबूत असतो! त्यामुळेच असा पाठ मुळाबरहुकूम उलगडता येतो.

प्रश्नचिन्हांचे तसे नाही. एका छोट्या साहित्यविषयक संकेतस्थळाचे स्थलांतर मी स्वतः केले होते. जोडणी यूटीएफ-८ अशी घोषित केली, पण नवे तक्ते लॅटिन-१ च राहिले. ज्या अक्षराला त्या वर्णमालेत जागा नाही, त्याच्या ठिकाणी विदागार एक प्रश्नचिन्ह लिहिते आणि मूळ अक्षर टाकून देते. काम बिनबोभाट पार पडले. दोष माझाच, एक ओळ लिहायची राहिली होती. जुने यंत्र तोवर पुसले गेले होते.

त्या संग्रहात कविताही होत्या. ओळी, कडवी, शब्दांमधली मोकळी जागा, स्वल्पविराम, सारे जागच्या जागी होते. कोणत्या शब्दात किती चिन्हे होती, हेही मोजता येत होते.