बोटीच्या पोटातला संसार : व्हिक्टोरियाकालीन स्थलांतरित कुटुंब

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) ब्रिटिश बेटांतून देशांतर करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उत्तर अमेरिकेची वाट धरली. कारण साधे होते. अटलांटिक ओलांडण्यास माणशी चार-पाच पौंड पुरत. ऑस्ट्रेलियास जाण्यास पंधरा-वीस पौंड पडत. शेतमजुराची मजुरी आठवड्याला जेमतेम दहा शिलिंग, म्हणजे वर्षाकाठी सव्वीस पौंड. अशा कुटुंबाने स्वतःच्या हिमतीवर सिडनी गाठणे अशक्यच होते. तरीही हजारो मजूर कुटुंबे तेथे पोहोचली, ती बहुतांशी सरकारी साहाय्यामुळे.

वसाहतीतील जमिनी विकून आलेल्या पैशातून मायदेशातील मजूर आणावेत, ही कल्पना १८३० च्या दशकात रुजली. न्यू साउथ वेल्समध्ये कैदी पाठविणे १८४० मध्ये थांबले आणि त्याच वर्षी स्थलांतराचा कारभार पाहण्यासाठी लंडनमध्ये आयोग नेमला गेला. हे साहाय्य म्हणजे दानधर्म नव्हता. मेंढपाळ, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या तरुण स्त्रिया हव्या होत्या. वयस्कर माणसे आणि लहान मुलांचे लटांबर असलेली जोडपी नकोशी होती. चारित्र्याचे दाखले लागत. पुरुषाने सहा सदरे, सहा मोज्यांचे जोड, बुटांचे दोन जोड आणि दोन पूर्ण पोशाख आणलेच पाहिजेत, असा नियम होता. ज्यांच्या अंगावर धड एक सदरा नव्हता, त्यांना ही यादी पुरी करतानाच घाम फुटे.

बोटीवर कुटुंबाला जागा मिळे ती डेकखालच्या मजल्यावर, फळ्यांच्या दुमजली बिछान्यांत. अविवाहित पुरुष पुढच्या भागात, अविवाहित स्त्रिया मागच्या भागात आणि मध्ये कुटुंबे. वयात आलेला मुलगा त्यामुळे आईबापांपासून वेगळा पडे. नवराबायकोला मिळून सुमारे सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद जागा; आडोशाला फार तर एक पडदा. सहा-आठ जणांचा एक गट करून त्याला शिधा मोजून दिला जाई : जहाजी बिस्किटे, खारवलेले मांस, पीठ, वाटाणे, मनुका, चहा, साखर. वादळात झडपा बंद केल्या की खाली अंधार, ओकारी आणि कोंदट हवा. हा प्रवास साडेतीन-चार महिने चाले. १८५० नंतर दक्षिणेकडचा वेगवान वाऱ्यांचा मार्ग रूढ झाला आणि तो बराच आखूड झाला.

सर्वाधिक भय असे मुलांच्या जिवाचे. गोवर, आमांश, टायफस यांपुढे बोटीवरच्या सर्जनचे फारसे चालत नसे. जिवंत उतरविलेल्या माणसागणिक त्याला मोबदला मिळे, हे मात्र शहाणपणाचे कलम होते. १८५२ मध्ये ‘मार्को पोलो’ ही बोट लिव्हरपूलहून मेलबर्नला जाऊन सहा महिन्यांच्या आत परतली आणि तिचा गाजावाजा झाला. परंतु त्याच सफरीत गोवराने पन्नासच्या वर मुले दगावली होती. त्याच वर्षी ‘टायकॉन्डेरोगा’ बोटीवर सुमारे ८०० प्रवासी होते, त्यांत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील कुटुंबांचा मोठा भरणा होता. टायफसने वाटेत सुमारे १०० जण मरण पावले आणि किनाऱ्याला लागल्यावर क्वारंटाइनमध्ये आणखी कित्येक. काही मुले परक्या भूमीवर उतरली ती पोरकी होऊनच.

या साऱ्या व्यवहारात कुटुंबाचा विचार आधी केला तो कॅरोलिन चिझम (१८०८–१८७७) यांनी. त्यांचे पती ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात अधिकारी होते आणि सैनिकांच्या मुलींसाठी कॅरोलिन यांनी मद्रासमध्ये शाळा चालविली होती. १८३८ मध्ये त्या सिडनीला आल्या. बोटीतून उतरून रस्त्यावर आलेल्या निराधार मुली पाहून त्यांनी १८४१ मध्ये आसरागृह उघडले आणि मुलींना घेऊन स्वतः घोड्यावरून खेडोपाडी काम मिळवून दिले. १८४९ मध्ये लंडनमध्ये त्यांनी कर्जसंस्था स्थापन केली. कुटुंबाने भाड्याचा काही भाग साठवायचा, उरलेला संस्थेने बिनव्याजी द्यायचा आणि तो वसाहतीत कमावून हप्त्याने फेडायचा. एकट्या मुलीला प्रवासात एखाद्या कुटुंबाच्या आश्रयास देण्यात येई. ‘स्लेन्स कॅसल’ ही संस्थेची पहिली बोट १८५० मध्ये निघाली. हप्तेवसुलीसाठी पती १८५१ मध्ये पुढे ऑस्ट्रेलियास गेले, बिनपगारी. कॅरोलिन मात्र मुलांसह १८५४ पर्यंत लंडनमध्येच राहिल्या. इतरांची कुटुंबे एकत्र ठेवण्यासाठी त्यांचे स्वतःचे कुटुंब असे विभागले गेले.

चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ नियतकालिकाच्या १८५० मधील पहिल्याच अंकात त्यांच्या कार्याची वाखाणणी केली. पुढे ‘ब्लीक हाउस’मध्ये दूरदेशीच्या परोपकारात घर विसरणारी मिसेस जेलिबी रंगविताना काही छटा त्यांच्यावरून घेतल्या, असे मानले जाते, हा न्याय काहीसा कठोरच म्हणावा लागेल.

१८५१ मध्ये सोने सापडले आणि चित्र पालटले. व्हिक्टोरिया वसाहतीची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. पुरुष खाणींकडे धावले. मेलबर्नजवळच्या तंबूंत किंवा वाटेवर बायकामुले अडकून पडली. चिझम यांनी खाणींच्या वाटेवर मुक्कामाच्या शेड उभारल्या. १८७७ मध्ये लंडनमध्ये त्या हलाखीत वारल्या. नॉर्थहॅम्प्टनच्या थडग्यावर ‘स्थलांतरितांची मैत्रीण’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. १९६७ पासून १९९० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत ऑस्ट्रेलियाच्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.