पुन्हा लागणारं बूच

नाशिकच्या पंचवटीत रामकुंडावर आलेला यात्रेकरू गोदेचं पाणी बरोबर नेतोच. हल्ली बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकचा कॅन असतो, फिरकीच्या झाकणाचा. पण देवघरात जपायची गंगा तांब्याच्या छोट्या गडूत असते आणि त्या गडूचं तोंड डाख लावून कायमचं बंद केलेलं असतं. यात्रेहून परतल्यावर मावंदं होतं, गंगापूजन होतं, मग तो गडू वर्षानुवर्षं तसाच राहतो, घरातल्या कुणाच्या तरी अखेरच्या घोटापर्यंत. भांडं बंद करणं ही विद्या जुनी आहे आणि ती आपल्या तांबटांना उत्तम येत होती. उघडलेलं भांडं पुन्हा तितकंच घट्ट मिटवणं ही मात्र वेगळी विद्या. माणसाला ती फार उशिरा जमली, आणि या कुळकथेत मला तिचाच माग काढायचा आहे.

आपल्याकडे तिचं सर्वांत देखणं रूप म्हणजे फिरकीचा तांब्या. गोल पोट, आखूड मान, मानेवर बाहेरून आटे, झाकणाला आतून आटे आणि वर धरायला कडी. रेल्वेच्या प्रवासात, यष्टीत, लग्नाच्या वऱ्हाडात पाणी याच तांब्यातून जायचं. आमच्या घरी एक पितळी आहे. चिंचेने घासला की अजून लखलखतो, आट्यांची धार बोटाला लागते, झाकण पहिल्याच फेऱ्यात अलगद पकड घेतं. तरी आडवा केला की गळतो. झाकण उलटं करून पाहिलं तर कारण दिसतं. आतला रबरी वायसर काळा पडून कडक झाला आहे आणि त्याला एका बाजूने चीर गेली आहे. पितळ शाबूत, आटे शाबूत, गेला तो एवढासा वायसर.

पुन्हा लागणाऱ्या प्रत्येक बुचाचं मर्म याच जागी आहे. आटे भांडं बंद करत नाहीत, आटे फक्त दाबतात. बंद करतो तो मधला मऊ पदार्थ. धातूवर धातू किंवा काचेवर काच कितीही घट्ट आवळा, मध्ये बारीक फटी उरतातच. त्या फटींत दबून शिरणारं आणि दाब काढला की मूळ रूपावर येणारं काहीतरी लागतं. पूर्वी ते काम चामड्याने, लाखेने, मेणाने, चिंधीने केलं. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो तो याच कुळातला. त्याहून हुशार युक्ती बरणीच्या आत असते: फोडींवर चढलेला तेलाचा थर. दादरा धूळ आणि मुंग्या अडवतो, हवा अडवतं ते तेल. रोज पळी बुडवली तरी तेल पुन्हा आपोआप सपाट होतं. बरणी उघडल्यावर स्वतःहून मिटणारं झाकण याहून साधं मला माहीत नाही.

युरोपात हे मऊपण झाडाने पुरवलं. पोर्तुगाल-स्पेनकडच्या कॉर्क ओकची साल झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलून काढतात. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली याच सालीचा पापुद्रा ठेवला आणि त्याला बंदिस्त कप्पे दिसले. एका घन सेंटिमीटरमध्ये असे कोट्यवधी कप्पे असतात आणि त्यांत हवा कोंडलेली असते. कॉर्क लांबीने दाबला तरी बाजूंना जवळजवळ फुगत नाही, त्यामुळे तो बाटलीच्या मानेत सरळ उतरतो आणि आत गेल्यावर काचेवर रेटा देत राहतो. आपल्याकडे याची उसनवारी बुचाच्या झाडावर झाली. गगनजाई, लटकचांदणी अशी सुरेख नावं असलेलं, रात्री पांढरी सुगंधी फुलं ढाळणारं हे झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं. त्याची भेगाळ साल कॉर्कला पर्याय म्हणून वापरून पाहिली गेली. ती हलक्या प्रतीची ठरली, पण झाडाला नाव कायमचं चिकटलं.

खऱ्या कॉर्कलाही एक खोट आहे. वर्षानुवर्षं मानेत आवळलेलं बूच बाहेर निघालं की फुगतं, वरून मळसूत्राने त्याला भोक पाडलेलं असतं, आणि ते परत आत जाता जात नाही. उलटं करून ठोकलं तर तात्पुरतं भागतं, इतकंच.

वाट मोकळी केली रबराने. गंधक घालून तापवलेल्या रबराचं अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये घेतलं. हे रबर थंडीत कडक होत नव्हतं, उन्हात चिकट होत नव्हतं. १८५८ मध्ये जॉन मेसनने आटे असलेल्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं आणि फळं-भाज्या टिकवणाऱ्या घरांना पुन्हा पुन्हा लागणारं झाकण मिळालं. पुढे १८७५ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स द क्विलफेल्टने तारेच्या खटक्याने दाबलं जाणारं बूच आणलं. एका अंगठ्याने उघडा, एका अंगठ्याने लावा. मला हा शोध अजूनही या कुळातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यात काहीच लपलेलं नाही. तार दाबते, रबर अडवतं, आणि दोन्ही डोळ्यांना दिसतात.

गोटी सोड्याची बाटली याच सुमाराची. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची, म्हणजे गोटी तोंडाशी येते आणि आतला वायूच तिला रबरी कड्यावर दाबून धरतो. मानेतल्या दोन खाचा ओतताना गोटीला अडवून ठेवतात. रचना विलक्षण आहे, पण पुनर्वापर कारखान्याचा, पिणाऱ्याचा नाही. गोटी आत ढकलली, वायू सुटला, की तिला वर रेटायला कुणी उरत नाही.

१८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने सोडा-बियरच्या बाटलीचं दातेरी पत्र्याचं बिल्ला-झाकण काढलं आणि प्रवाह उलटला. स्वस्त, पक्कं, एकदा काढलं की फेकायचं. पेंटरच्या कंपनीत किंग जिलेट नावाचा विक्रेता होता. एकदा वापरून टाकावी आणि गिऱ्हाइकाने पुन्हा यावं अशी वस्तू शोध, हा पेंटरचा सल्ला त्याने मनावर घेतला आणि त्यातून दाढीचं फेकायचं पातं जन्मलं. पुनर्वापराच्या बुचाला पुढची कित्येक दशकं बाजारात दुय्यम जागा मिळाली, त्याचं मूळ मला या धंद्याच्या गणितात दिसतं.

नाशकात हा विषय पुन्हा जिवंत झाला तो द्राक्षांमुळे. १९९९ मध्ये राजीव सामंतांनी सुला सुरू केली, पुढे दिंडोरीपर्यंत वायनऱ्या पसरल्या, आणि अर्धी उरलेली बाटली हा घरगुती प्रश्न झाला. उघडलेल्या वाइनमध्ये ऑक्सिजन शिरतो, मद्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं, हवेवर जगणारे जिवाणू पुढे त्याचा शिरका करतात. इथल्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचंच झाकण असतं. तेच परत लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवली की दोन-तीन दिवस निभतं. उभीच ठेवायची, कारण आडव्या बाटलीत हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो.

तरी कितीही घट्ट बूच लावा, बाटलीच्या रिकाम्या भागातली हवा आत कोंडली गेलेलीच असते. म्हणून १९८०च्या दशकात डच बनावटीचा हातपंप आला. चिरेची झडप असलेलं रबरी बूच लावायचं आणि हवा उपसायची. सगळी निघत नाही, पण पुष्कळ निघते. काहीजण वर आर्गॉन सोडतात. तो हवेपेक्षा जड आणि निष्क्रिय, म्हणजे लोणच्यावरच्या तेलाचंच काम. बिनखर्चाचा उपाय असा की उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरावी.

फेसाळत्या पेयाचं गणित उलटं. तिथे आतलं बाहेर पळतं. शँपेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, म्हणून तिला पुन्हा लावायच्या बुचाला दोन पंख असतात आणि ते बाटलीच्या ओठाखाली पकड घेतात. सोड्याच्या बाटलीत हवा भरून दाब वाढवणारे पंप विकले जातात, त्यांचा उपयोग जवळपास शून्य. कार्बन डायऑक्साइड पाण्यात राहतो तो वरच्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबामुळे. साधी हवा कितीही कोंबली तरी तो निघायचा तेवढा निघतोच. वस्तू घडवणाऱ्याने आधी विचारायला हवं की काय अडवायचंय, आत येणारं की बाहेर जाणारं.

आता रबराची जागा सिलिकॉनने घेतली आहे. ते उकळत्या पाण्यात धुता येतं, लवकर कडक होत नाही. पण बाजारातली बहुतेक बुचं अशी घडवलेली असतात की ते मऊ कडं निघत नाही. स्टीलची मूठ पन्नास वर्षं टिकेल, कडं त्याआधी ढिलं पडेल, आणि मूठही कचऱ्यात जाईल. भांडी बाजारात कुकरची रिंग आणि शिट्टी सुटी मिळते, म्हणून आईचा कुकर मुलीच्या घरी चालतो. नाशिकच्या सातपूर-अंबडला रबराचे आणि साच्यांचे इतके कारखाने आहेत. बुचाचं कडंही सुटं, ठरलेल्या मापात, चार रुपयांना मिळायला हवं, आणि त्याच मापाचा एक वायसर फिरकीच्या तांब्यासाठीही.