विजापूरची तंबाखू, अकबराचा हकीम आणि हृदय

१/ माळशिरस तालुक्यात शेताच्या बांधावर ओढली जाणारी विडी पूर्वापार चालत आलेली वाटते. वस्तुतः तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून दख्खनमध्ये पसरली.

२/ १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असदबेग आदिलशाही विजापुरास गेला. आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस असलेल्या त्या नगरीत त्याने तंबाखू पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती आग्र्यास नेली. बादशहाने काही झुरके घेतले. हकिमाने मात्र हरकत घेतली: ज्या वनस्पतीविषयी आपल्या ग्रंथांत काहीच नाही, ती बादशहास कशी द्यावी? अकबरास सवय लागली नाही, उमरावांस लागली. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, पण ती टिकली नाही.

३/ हकिमाच्या शंकेस हृदयापुरते ठोस उत्तर मिळण्यास सुमारे साडेतीन शतके लागली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या पाहणीतून धूम्रपान आणि हृदयविकार यांचा संबंध पुढे स्पष्ट झाला. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००६ मध्ये दाखवले, की धूम्रपान करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. विडीही त्यास अपवाद नाही.

४/ निकोटिनमुळे नाडी व रक्तदाब वाढतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. रोहिण्यांचे अस्तर बिघडते, रक्त लवकर गोठते. म्हणजे हृदयाचे काम वाढते आणि त्याची रसद घटते.

५/ जन्मतः हृदयदोष असणाऱ्यांसाठी हा हिशेब अधिक कठोर आहे. १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे ‘निळ्या बालका’वर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. पूर्वी बालपणीच दगावणारी मुले त्यानंतर प्रौढ होऊ लागली. परंतु दुरुस्त झालेल्या हृदयातही काही दोष उरू शकतो, आणि काहींच्या रक्तात प्राणवायू मुळातच कमी असतो. शस्त्रक्रियेने मिळवलेली वर्षे धूर हिरावून घेऊ शकतो.

६/ सोलापुरात विडी हा केवळ व्यसनाचा विषय नाही; ती वळणाऱ्या हजारो स्त्रियांची ती भाकरी आहे. कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी उभारलेल्या १०,००० घरांचे हस्तांतर २००६ मध्ये झाले. म्हणूनच विडीविरुद्धचा लढा त्यांच्या पर्यायी रोजगाराचा प्रश्न टाळून लढता येत नाही.

७/ ओढणाऱ्यापुरते उत्तर मात्र सरळ आहे. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो.