तापात औषध शरीरात का साठते? एका शोधाची गोष्ट

रिपोर्टमध्ये एसजीपीटी वाढले की रुग्ण घाबरतात. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात जास्त उतरणारे एन्झाइम आहे. पण आपण घेतलेल्या गोळ्या मोडून बाहेर टाकणारी यकृतातली एन्झाइम्स वेगळी. ती नेहमीच्या रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत.

१९६२ मध्ये जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी त्यातल्या एका रंगद्रव्याला ‘सायटोक्रोम पी-४५०’ हे नाव दिले. पुढे प्रश्न आला : शरीरात दुसरीकडे सूज असेल तर या एन्झाइम्सचे काय होते?

उत्तर उंदरांनी दिले. सिल्व्हर नायट्रेटसारखे क्षोभक कातडीखाली टोचले की जंतू नसतानाही तिथे सूज येते आणि दिवसभरातच यकृत सुजेशी संबंधित प्रथिने रक्तात सोडू लागते. टर्पेंटाइनने सूज आणलेल्या प्राण्यांत औषधे मोडणारी एन्झाइम्सही मंदावलेली आढळली. यकृताला कोणी हात लावला नव्हता! सुजेच्या जागेवरच्या पेशी रक्तातून निरोप पाठवतात. त्यांतला एक म्हणजे इंटरल्युकिन-६. १९७६ मध्ये अमेरिकेत रेंटन आणि मॅनरिंग यांनी दाखवले की, शरीरात इंटरफेरॉन तयार करायला लावणारे पदार्थ दिल्यावरही उंदरांतले पी-४५० घटते.

माणसांत हे लवकरच दिसले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये श्वसनाच्या विषाणू-संसर्गात थिओफायलिन शरीरातून हळू बाहेर पडते, असा अहवाल आला. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सिएटल भागात फ्लूची साथ असताना, नेहमीच्याच डोसवर असलेल्या दम्याच्या मुलांना थिओफायलिनची विषबाधा झाली.

आपल्या गंगापूर तालुक्यातही दम्याचे अनेक रुग्ण थिओफायलिनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतात. जोराचा ताप आल्यावर मळमळ, उलट्या, हात थरथरणे, छातीत धडधड सुरू झाली, तर ‘तापामुळे असेल’ म्हणून अंगावर काढू नका. झटके आले तर थेट दवाखाना गाठा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स थिओफायलिन आणखी वाढवतात. म्हणून मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नका. दम्याची गोळी मनाने बंदही करू नका, वाढवूही नका. तापासाठी डॉक्टरांकडे जाताना रोजच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. एसजीपीटी नॉर्मल असले तरी डोस बदलावा लागू शकतो.