विसापूरची कल्पना दिल्लीला कशी पोचली

संसदेचं काम काय, या प्रश्नाचं नागरिकशास्त्रातलं उत्तर आपल्याला पाठ असतं. कायदे करणं, खर्चावर नजर ठेवणं, सरकारला जाब विचारणं, लोकांचं म्हणणं मांडणं. ही चारही कामं एकाच कायद्यात पाहायची असतील, तर सुरुवात आमच्या सांगली जिल्ह्यातून करावी लागते.

तासगाव तालुक्यातलं विसापूर. कोरडवाहू शेती, सुगी संपली की मजुराच्या हाताला काम नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचं म्हणणं साधं होतं : मदत नको, काम मागितलं की काम मिळायला हवं. १९६९ मध्ये विसापूर परिसरात हा प्रयोग सुरू झाला. १९७२ मध्ये राज्यानं योजना म्हणून तो स्वीकारला आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. घरातल्या आजीसमोर नुसतं 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणून बघा. खडी फोडणं, सुकडी, मिलो, सगळं निघेल.

पण योजना ही सरकारच्या मर्जीवर चालते. पैसे संपले की काम बंद. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर 'पीटी' म्हणून दरमहा २०० रुपये कापले जातात ना, तो हाच. पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, असा तो हिशेब होता. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मागणीनंतर १५ दिवसांत काम, नाहीतर रोज किमान एक रुपया बेकारी भत्ता. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. विधिमंडळाची रोजगार हमी समिती जिल्ह्यांत फिरून कामं तपासू लागली.

प्रयोगापासून कायद्यापर्यंत जवळपास दहा वर्षं गेली. आम्ही सॉफ्टवेअरवाले असंच करतो : आधी छोट्या जागी चालवायचं, भार टाकून बघायचं, मग सगळीकडे सोडायचं. तरी चुका राहिल्याच. हजेरीपटावर खोटी नावं लागली, मजुरी उशिरा मिळाली. पण तहसील कचेरीवर मोर्चा नेणाऱ्यांच्या हातात आता कायद्याचं कलम होतं.

देशासाठी असाच कायदा करायचं विधेयक डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत आलं. ते ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष होते विरोधी पक्षाचे कल्याण सिंह. मूळ विधेयकात हमी फक्त गरीब कुटुंबांपुरती होती. ती अट काढा, असं समितीनं सुचवलं. ऑगस्ट २००५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानं प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला १०० दिवसांची हमी दिली. समितीच्या कामाचं फळ ते हे.

याच कायद्याची जागा घेणारं विधेयक १६ डिसेंबर २०२५ ला लोकसभेत मांडलं गेलं. १८ तारखेला तिथे ते मंजूर झालं आणि त्याच रात्री उशिरा राज्यसभेतही. स्थायी समितीकडे पाठवायची मागणी मान्य झाली नाही. दिवस १२५ झाले, पण बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा वाटा आला. नवा कायदा चांगला की वाईट, यावर वाद होऊ शकतो. तो वाद घालायची जागा मात्र समितीची खोली होती.

हे एकट्या विधेयकाचं नाही. १५ व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७ व्या लोकसभेत १६ टक्के. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली, सतरावी २७४ दिवस.

खालून वर जाणारी वाटही अरुंद आहे. आमचं इस्लामपूर हातकणंगले मतदारसंघात येतं. तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभाव यांवर दोन खासगी विधेयकं मांडली. त्यांचा कायदा झाला नाही. १९७० नंतर संसदेत कुठल्याच खासगी विधेयकाचा झालेला नाही. म्हणजे विसापूरसारखी कल्पना आज एखाद्या खासदाराला सुचली, तरी सरकारनं उचलल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

संसदेत गोंधळ किती झाला, हे टीव्ही सांगतो. विधेयक समितीकडे गेलं होतं का, हे शोधायला फोनवर दोन मिनिटं लागतात. खासदार मत मागायला दारात येतील, तेव्हा विचारायला हा प्रश्न बरा आहे.